धंदा विकायला काढलाय, पण कानोकान खबर नको

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे हे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. औद्योगिक लेबलं छापणारा तुमचा छोटा कारखाना आहे, १४ माणसं कामाला, जागा भाड्याची. निम्मी विक्री दोनच ग्राहकांकडून येते. धंदा विकायचा विचार घरात फक्त दोघांना माहीत आहे. एका ब्रोकरशी बोलणं झालं, तो म्हणाला, "काळजी सोडा, प्रत्येकाकडून एनडीए सही करून घेतो." एवढं पुरतं का, असं तुम्ही विचारलंय.

पुरत नाही. एनडीए, म्हणजे गुप्तता करार, हवाच. पण मी बरीच वर्षं असे सौदे जुळवतोय, आणि बातमी फुटलेली जी प्रकरणं मी जवळून पाहिली, त्यांतल्या बहुतेकांत सही केलेल्या खरेदीदाराचा काही संबंध नव्हता. बातमी मालकाच्याच बाजूने बाहेर पडली होती. प्रिंटरवर राहिलेलं मूल्यांकनाचं पान, सगळ्यांना दिसणाऱ्या कॅलेंडरवर टाकलेली 'ब्रोकर, ४ वाजता' अशी नोंद, मेव्हण्याला विश्वासाने सांगितलेली गोष्ट. आपल्याकडे 'षट्कर्णी होणं' म्हणतात ना, गुपित सहाव्या कानापर्यंत गेलं की ते गुपित राहत नाही. गंमत अशी की धंदा विकायला काढला की सहा कान पहिल्याच आठवड्यात होतात: तुम्ही, तुमची पत्नी आणि ब्रोकर.

म्हणून "कोणालाच कळू नये" हे उद्दिष्ट सोडून द्या. कोणालाच कळलं नाही तर विकत कोण घेणार? कोणाला, कधी आणि किती कळेल, हा क्रम तुमच्या हातात ठेवायचा, एवढंच साधायचं आहे. पुढचं सगळं त्या क्रमाबद्दल आहे.

आधी नुकसान नेमकं कसं होतं ते पाहू, कारण "लोक घाबरतात" एवढ्याने ते समजत नाही. बातमी फुटली की पहिला जातो तो तुमचा सर्वांत चांगला माणूस, कारण त्याला दुसरीकडे नोकरी सगळ्यांत लवकर मिळते. मोठा ग्राहक तुम्हाला सोडत नाही, पण 'सावधगिरी म्हणून' दुसऱ्या पुरवठादाराला थोडं काम देऊन बघतो. कागद-शाईवाला उधारीची मुदत कमी करतो. यातलं काहीच एका दिवसात मारक नसतं. पण हे घडत असताना खरेदीदार तुमचे आकडे तपासत असतो. त्याला शेवटच्या तिमाहीत विक्री उतरलेली दिसते आणि तो किंमत खाली ओढतो. त्याच्या जागी तुम्हीही तेच केलं असतं. तेव्हा गुप्तता राखायची ती किंमत टिकावी म्हणून. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण धंद्याच्या विक्रीला जितकी लागू पडते तितकी क्वचितच कशाला पडत असेल.

आता ब्रोकर. त्याला पहिल्या भेटीत सहज विचारा, "सध्या तुमच्या हातात आणखी कुठले धंदे आहेत?" त्याने उत्साहाने दोन-तीन नावं घेतली तर चहा संपवून उठा. तुमचं नाव तो पुढच्या माणसाला तितक्याच उत्साहाने सांगेल. चांगला ब्रोकर म्हणेल, "छपाईच्या जवळचं एक आहे, त्यापुढे सांगता येणार नाही." मग त्याने पूर्वी केलेल्या जाहिरातींचे नमुने मागा आणि त्यावरून धंदा ओळखता येतो का ते स्वतः बघा. तुम्हाला एखादा ओळखता आला, तर तुमचा कोणीतरी ओळखेल.

आणखी काही गोष्टी विचारायलाच हव्यात. तो दुसऱ्या ब्रोकरांबरोबर दलाली वाटून घेतो का? घेत असेल तर तुमची माहिती त्यांच्याकडेही जाते, आणि त्यांचा तुमच्याशी कसलाच करार नसतो. त्याच्या कार्यालयात तुमची फाइल कोण कोण उघडू शकतं? जाहिरात कुठे कुठे देणार? आणि पैसे फक्त तुमच्याकडून घेणार की खरेदीदाराकडूनही? दोन्हीकडून घेणारा ब्रोकर वाईटच असतो असं नाही, पण "मालक किती खाली येईल" ही माहितीही गुप्तच असते, आणि ती कुठे झिरपू शकते हे तुम्हाला आधी माहीत असावं.

एकाच वेळी तीन ब्रोकरांकडे धंदा देण्याचा मोह होतो. देऊ नका. तिघे तुमच्या धंद्याचं तीन तऱ्हेने वर्णन करतात. एकात प्रदेश असतो, दुसऱ्यात माणसांची संख्या, तिसऱ्यात यंत्राचा प्रकार. तुमच्या लाइनमधला माणूस ते तिन्ही शेजारी ठेवतो आणि पाच मिनिटांत कोडं सुटतं. एकालाच द्या, पण मुदत कमी ठेवा.

ब्रोकरशी होणाऱ्या करारात मी मालकांना हे मुद्दे घालायला सांगतो. जाहिरातीचा मजकूर तुम्ही लेखी मान्य केल्याशिवाय बाहेर जाणार नाही. कोणत्याही इच्छुकाला तुमचं नाव सांगण्याआधी त्या इच्छुकाचं नाव तुम्हाला कळवून होकार घ्यायचा, आणि हा होकार दर वेळी वेगळा. ज्यांच्याकडे मुळीच जायचं नाही त्यांची यादी कराराला जोडायची: तुमचे दोन ग्राहक, मुख्य पुरवठादार, अमुक स्पर्धक, तुमच्याकडून सोडून गेलेला तो माजी भागीदार. करार संपल्यावर कागद परत आणि गुप्ततेचं बंधन पुढेही चालू. आणि कोणाला काय पाठवलं, कोणत्या तारखेला, याची नोंदवही. ब्रोकर स्वतःच्या दलालीसाठी अशी यादी ठेवतोच, कारण करार संपल्यानंतर ठरावीक मुदतीत त्याने आणलेल्या माणसाने धंदा घेतला तर त्याला दलाली मिळायची असते. तीच यादी तुम्हालाही दर आठवड्याला मिळाली पाहिजे. पुढे काही फुटलं तर ती एकच गोष्ट कामाला येईल.

मग येते निनावी जाहिरात, ज्याला धंद्यात टीझर म्हणतात. इथे चूक होते ती एखाद्या मोठ्या तपशिलाने होत नाही, लहान तपशिलांच्या बेरजेने होते. 'लेबल छपाई' म्हटलं तर शंभर असतील. '१४ कामगार' म्हटलं तर वीस उरतात. 'औषध आणि रंग उद्योगातले ग्राहक' म्हटलं की तीन, आणि 'पंचवीस वर्षं एकाच मालकाकडे' म्हटलं की तुम्हीच. म्हणून आकडे पट्ट्यात द्या, '१० ते २० माणसं', 'वीस वर्षांहून जुना'. प्रदेश शक्य तितका मोठा लिहा. तुमच्या संकेतस्थळावरचं एकही वाक्य टीझरमध्ये जाऊ देऊ नका. ते वाक्य जसंच्या तसं कोणी शोधलं की पहिला निकाल तुमचा येतो. फोटो तर नकोच. एकदा एका ब्रोकरने यंत्राचा फक्त कोपरा दिसेल असा फोटो टाकला होता. मालकाने ते यंत्र हौसेने केशरी रंगवून घेतलं होतं. अख्ख्या लाइनमध्ये केशरी यंत्र एकच.

मात्र मोघम लिहिणं वेगळं आणि खोटं लिहिणं वेगळं. ओळख लपवायला म्हणून धंद्याचा प्रकारच बदलून लिहिला, किंवा नफा 'अंदाजे' म्हणून फुगवला, तर नंतर तो कागद तुमच्याविरुद्ध उभा राहतो.

टीझर वाचून दहा जण विचारणा करतात. त्यातले निम्म्याहून जास्त नुसते बघे असतात असं धरून चाला. काहींना धंदा विकत घेण्याची कल्पना आवडते, काहींना तुमचे आकडे बघायचे असतात. नाव कळण्याआधी ब्रोकरने फोनवर बोलून चार गोष्टी काढल्या पाहिजेत. हा माणूस कोण, पैसा कुठून आणणार, हाच धंदा का, आणि निर्णयात आणखी कोण आहे. पैशाचा पुरावा मागितला की बघे बहुधा आपोआप गळतात. खऱ्या खरेदीदाराला या प्रश्नांचा राग येत नाही. उद्या त्याचाच धंदा होणार असतो, आणि तो असा सांभाळलेला पाहून त्याला बरंच वाटतं.

आता त्या एनडीएकडे येतो. ब्रोकरकडे छापील नमुना असतो, आणि त्यात जवळजवळ नेहमी त्याच त्रुटी असतात.

सर्वांत मोठी म्हणजे तो करार ब्रोकर आणि खरेदीदार या दोघांतच असतो. तुमचं नाव नको म्हणून तुम्ही त्यात पक्षच नसता. मग भंग झाला तर दावा कोण करणार? ब्रोकर तुमच्यासाठी वकील लावेल ही आशा सोडा. करारात स्पष्ट लिहून घ्या की हा करार विक्रेत्याच्या लाभासाठीही आहे आणि विक्रेता तो स्वतः बजावून घेऊ शकतो. किंवा नाव सांगायची वेळ आली की तुमच्या नावाने दुसरा करार करा. दुसरी त्रुटी, 'गुप्त माहिती' म्हणून हिशेब, ग्राहक, किमती सगळं लिहिलेलं असतं, पण धंदा विक्रीला आहे ही गोष्टच गुप्त आहे, असं लिहिलेलं नसतं. तुमच्यासाठी तर तेच मुख्य गुपित. तिसरी, सही एखाद्या महिन्याभरापूर्वी काढलेल्या कंपनीच्या नावाने होते, जिच्या खात्यात काहीच नाही. माणसाची वैयक्तिक सहीही घ्या.

चौथा मुद्दा वापराचा. माहिती 'उघड करणार नाही' एवढं पुरत नाही, ती 'फक्त या खरेदीचा विचार करण्यासाठीच वापरेन' असं हवं. याचं मोठ्या कंपन्यांमधलं एक उदाहरण सांगण्यासारखं आहे. अमेरिकेत खडी आणि बांधकाम साहित्यातल्या मार्टिन मारिएटा आणि व्हल्कन या दोन कंपन्यांनी २०१० मध्ये गोडीगुलाबीने विलीन होण्याची बोलणी सुरू केली आणि गुप्तता करार केले. बोलणी फिसकटली. मग मार्टिन मारिएटाने व्हल्कनवर जबरदस्तीच्या ताब्याची, म्हणजे तिच्या संचालकांच्या इच्छेविरुद्ध कंपनी घेण्याची, बोली लावली, तीही त्या बोलण्यांतून मिळालेली माहिती वापरून. २०१२ मध्ये डेलावेअरच्या न्यायालयाने करारातल्या वापराच्या आणि उघड करण्याच्या मर्यादांवर बोट ठेवून ती बोली चार महिने थांबवली. 'जबरदस्तीने ताबा घेणार नाही' असं कलम त्या करारांत नव्हतंच. वापराची मर्यादा मात्र होती, आणि तीच कामी आली.

याच्या जोडीला, खरेदीदाराने तुमचे कामगार, ग्राहक, पुरवठादार आणि जागामालक यांच्याशी तुमच्या लेखी परवानगीशिवाय संपर्क करायचा नाही, सौदा झाला नाही तर ठरावीक काळ तुमची माणसं फोडायची नाहीत, आणि त्याच्या वकील-लेखापालांनी काही फोडलं तर जबाबदारी त्याची, हे लिहून घ्या. गुप्ततेच्या बंधनाला मुदत लिहिलीच तर जी खरी व्यापारी गुपितं आहेत, तुमचं शाईचं मिश्रण समजा, त्यांना ती लागू नाही असंही लिहा.

कागदच नसेल तर कायदा अगदी हात वर करतो असं नाही. इंग्लंडमध्ये १९६८ साली कोको विरुद्ध क्लार्क नावाचा खटला झाला. कोको नावाच्या माणसाने मोपेडच्या इंजिनाची रचना केली होती, एका कंपनीशी ते बनवण्याची बोलणी केली, बोलणी मोडली, आणि कंपनीने स्वतःचं इंजिन काढलं. न्यायाधीश मेगॅरी यांनी तीन कसोट्या सांगितल्या: माहिती मुळात गुप्त स्वरूपाची असावी, ती विश्वासाचं बंधन येईल अशा परिस्थितीत दिलेली असावी, आणि तिचा परवानगीविना, देणाऱ्याचं नुकसान होईल असा वापर झालेला असावा. इंग्लिश कायद्याचा वारसा असलेल्या देशांत आजही वकील या कसोट्या सांगतात. पण कोको यांनी मागितलेला तातडीचा मनाई हुकूम त्यांना मिळाला नाही, हे सांगायला लोक विसरतात. जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदेच्या कराराचं ३९ वं कलमही व्यापारी गुपिताला संरक्षण देतं, पण अट अशी की ते गुप्त ठेवायला मालकाने वाजवी उपाय केलेले असावेत. तुमची नोंदवही, सह्या, टप्प्याटप्प्याने दिलेली माहिती हा त्या उपायांचा पुरावा.

तरीही स्पष्ट सांगतो, १४ माणसांच्या धंद्याने एनडीए मोडला म्हणून खटला लढवून आपलं नुकसान भरून काढलं, असं माझ्या कामात मी पाहिलेलं नाही. कोणी फोडलं हे सिद्ध करणंच कठीण, आणि निकाल येईपर्यंत ग्राहक गेलेला असतो. एनडीएचा मला दिसलेला खरा उपयोग चाळणीचा आहे. सही करायला खळखळ करणारा, 'हे कलम काढा' म्हणून नेमकं माणसं फोडण्याचं कलम दाखवणारा, तुम्हाला फुकटात बरंच सांगून जातो.

सही झाली म्हणजे कपाट उघडून द्यायचं असं नाही. पहिल्या टप्प्यात नाव, तीन वर्षांचा ढोबळ हिशेब, कामाच्या प्रकारानुसार माणसांची संख्या. ग्राहक 'क', 'ख', 'ग' म्हणून, समोर फक्त टक्के. लेखी प्रस्ताव आला आणि किमतीचा मेळ बसतोय असं दिसलं की पुढचा टप्पा: महिन्यांचे आकडे, यंत्रांची यादी, भाडेकराराच्या अटी. इरादापत्रावर (खरेदीचा इरादा आणि मुख्य अटी लिहिलेल्या प्राथमिक पत्रावर) सही आणि अनामत जमा झाली की करारांच्या प्रती, नावं झाकून. ग्राहकांची नावं, ग्राहकागणिक नफा, मिश्रणाची सूत्रं ही अगदी शेवटी, इतर सगळ्या अटी पूर्ण झाल्यावर. काही गोष्टी, सूत्रं आणि पासवर्ड, तर पैसे हातात पडल्यावरच. कामगारांची नावं-पगार एकत्र देण्याचं तर कारणच नसतं. बऱ्याच देशांत व्यक्तिगत माहितीचे कायदे आहेत (युरोपातला जीडीपीआर मे २०१८ पासून लागू आहे), तेव्हा तो नुसता सौजन्याचा प्रश्न राहिलेला नाही.

खरेदीदार स्पर्धक असेल तर हे सगळं आणखी एक पायरी मागे. बऱ्याचदा सर्वांत चांगली किंमत स्पर्धकच देतो, म्हणून त्याला टाळा असं मी म्हणणार नाही. पण त्याच्याशी सगळ्यांत शेवटी बोला, आणि ग्राहकवार किमती त्याला स्वतःला न दाखवता त्याच्या बाहेरच्या लेखापालाला दाखवा, जो फक्त निष्कर्ष कळवेल. सौदा होण्याआधी दोन स्पर्धकांनी चालू किमती एकमेकांना सांगणं अनेक देशांत स्पर्धा कायद्यातही अडकतं, त्यामुळे नकार द्यायला तुमच्याकडे आयतं कारण आहे. मागे एका विक्रीत एक तरुण 'पहिलाच धंदा घेतोय' म्हणून आला होता. प्रश्न मात्र फारच जाणकार. ब्रोकरने चौकशी केली तेव्हा कळलं, स्पर्धकाचा पुतण्या. तोवर त्याच्याकडे फक्त 'क', 'ख', 'ग' गेले होते, म्हणून निभावलं.

फाइलींबद्दल थोडं, कारण इथे हुशार माणसंही फसतात. एक्सेलच्या फाइलीत लपवलेली शीट कोणीही उघडू शकतो. वर्डच्या फाइलीच्या गुणधर्मांत कंपनीचं नाव असू शकतं. पीडीएफमध्ये नावावर काळा चौकोन ठेवला तरी खालचा मजकूर बहुधा तसाच असतो, निवडून दुसरीकडे चिकटवला की वाचता येतो. खात्रीचा उपाय म्हणजे नावं मूळ फाइलीतच बदलून नवी पीडीएफ काढणं. प्रत्येक पानावर घेणाऱ्याचं नाव आडवं छापा. शिवाय प्रत्येकाच्या प्रतीत एखादा निरुपद्रवी शब्द वेगळा ठेवा, म्हणजे पान कुठे सापडलं तर कोणाचं ते कळेल. कंपनीचा ईमेल या कामाला वापरूच नका, कारण तुमच्या संगणकांची देखभाल करणारा तो पाहू शकतो. वेगळा पत्ता, वेगळा फोन क्रमांक, आणि छापायचं ते घरी.

आता सगळ्यांत अवघड भाग, तुमचं स्वतःचं वागणं. चोराच्या मनात चांदणं. मालक अचानक दार लावून फोनवर बोलू लागतो, जुने हिशेब काढायला सांगतो, यंत्रांचे नंबर लिहून घेतो, येऊ घातलेली खरेदी पुढे ढकलतो. पंधरा वर्षं तुमच्याबरोबर काम केलेल्या माणसाला एवढं पुरतं. तुमची सुपरवायझर काही न बोलता आठवडाभर तुमच्याकडे बघत राहील, आणि मग तिची रजा वाढेल. यावर सोंग हा उपाय नाही. विकायच्या वर्षभर आधीपासून खरोखरच हिशेब व्यवस्थित लावायला घ्या, दर वर्षी मालमत्तेची मोजणी करा, यंत्रांची नोंद ठेवा. धंद्याला त्याची गरज असतेच. मग ब्रोकरने यादी मागितली तर ती तयार असते आणि कोणाच्या भुवया उंचावत नाहीत.

जागा दाखवायची असेल तर काम सुटल्यावर दाखवा. दिवसाच दाखवायची वेळ आली तर आलेला माणूस 'विमा तपासणारा' आहे वगैरे सांगू नका. मी स्वतः सुरुवातीच्या काळात हा प्रकार चालवून घेतला आहे, आणि त्याचा पश्चात्ताप आहे. तीन महिन्यांनी तोच 'विमेवाला' नवा मालक म्हणून समोर उभा राहिला, तेव्हा कामगारांना विक्रीपेक्षा तो खोटेपणा लागला. 'कामासंबंधी भेटायला आलेत' एवढं खरं आहे आणि पुरेसं आहे. आलेल्या माणसालाही आधी बजावून ठेवा, कामगारांना प्रश्न विचारायचे नाहीत.

आणि कोणी थेट विचारलं, "साहेब, विकताय का?" तर? याचं उत्तर आजच ठरवून ठेवा, कारण त्या क्षणी सुचणारं उत्तर नेहमी चुकीचं असतं. 'छे, काहीतरीच!' असं म्हटलं की पुढे तुम्ही खोटे ठरता. मी मालकांना असं काहीसं बोलायला सांगतो: "विचारणा अधूनमधून येत असतात, येतच राहतील. तुमच्या नोकरीवर परिणाम होईल असं काही ठरलं, तर ते तुम्हाला बाहेरून कळणार नाही, माझ्याकडून कळेल." मात्र हे वाक्य उच्चारलं की ते पाळावं लागतं. पाळायची तयारी नसेल तर बोलू नका.

आतल्या कोणाला कधी सांगायचं? लेखापाल आणि वकील यांना सुरुवातीलाच, त्यांच्याशिवाय काम होत नाही. भागीदार असेल तर अर्थात त्यालाही. तुमच्या सुपरवायझरला मी प्रस्ताव लेखी मान्य झाल्यावर आणि सखोल तपासणी सुरू होण्याआधी सांगेन. त्याच बैठकीत तिला थांबण्याबद्दल बोनस लेखी देईन, अर्धा सौदा पूर्ण झाल्यावर आणि अर्धा त्यानंतर काही महिन्यांनी, म्हणजे नव्या मालकालाही ती मिळते. फार आधी सांगितलं तर सहा महिने तिच्या मनावर ओझं, आणि सौदा मोडला तर ते कायमचं. नातेवाइकांना नको. 'फक्त तुला सांगतोय' हे वाक्य समारंभात फार वेगाने पसरतं.

काही ठिकाणी कायदाच ही वेळ ठरवतो. ब्रिटनमध्ये धंदा कामगारांसह हस्तांतरित होत असेल तर २००६ च्या नियमांप्रमाणे कामगारांना किंवा त्यांच्या प्रतिनिधींना आधी कळवावं लागतं, आणि युरोपीय संघाचं २००१ चं निर्देशपत्रही तेच सांगतं. तुम्हाला कोणता नियम लागू आहे ते वकिलाला विचारा आणि ती तारीख वेळापत्रकात लिहा, कारण त्यापलीकडे गुप्तता ताणता येत नाही. जागामालकाची संमती, बँकेचं कर्ज, परवाने, यांचंही तसंच. यांपैकी प्रत्येक ठिकाणी एक नवा कान आहे. जागामालकाकडे विक्रीचा करार सशर्त सही झाल्यावर जा, संमती ही अट म्हणून करारातच ठेवा.

एवढं करूनही फुटलं तर? तसं होऊ शकतं हे धरूनच एक पान आधी लिहून ठेवा. कळलं त्याच दिवशी बोलायचं, साफ नाकारायचं नाही, आधी सुपरवायझर आणि मोठे दोन ग्राहक, मग बाकीचे. कोणी फोडलं याचा शोध नोंदवहीवरून शांतपणे घ्या. कारखान्यात उभं राहून "कोण बोललं?" असं विचारणाऱ्या मालकाने स्वतःच बातमी पक्की केलेली मी पाहिली आहे. त्याआधी ती नुसती कुजबुज होती.

एक गोष्ट उलट बाजूने. गुप्तता जितकी घट्ट, तितके खरेदीदार कमी आणि वेळ जास्त. आणि वेळ हाच गुप्ततेचा मोठा शत्रू. दोन वर्षं चोरपावलांनी विकायला ठेवलेला धंदा शेवटी सगळ्यांना माहीत असतोच. तयारी वर्षभर करा, पण बाजारात मोजके महिने राहा. तुमच्या दोन ग्राहकांबद्दल मला जास्त काळजी वाटते ती फुटण्याची नाही, निम्मी विक्री दोघांकडे असण्याचीच. खरेदीदार तेच पहिलं पाहील. बाजारात जाण्याआधी तिसरा बरा ग्राहक जोडता आला तर गुप्ततेवरचा ताणही आपोआप कमी होईल.

शेवटी, तुम्ही ब्रोकरच्या करारातलं जे वाक्य पाठवलंय, 'ब्रोकर आपल्या विवेकाने इच्छुकांना माहिती देऊ शकेल', ते काढायला लावा. त्या जागी 'विक्रेत्याच्या प्रत्येक वेळच्या लेखी संमतीनेच' असं लिहून घ्या. तो म्हणाला की आमचा नमुना बदलत नाही, तर दुसरा ब्रोकर बघा. तसं झालं तर या पहिल्याकडून तुमची कागदपत्रं परत घ्या, आणि तो कोणाकोणाशी बोलला ते लेखी मागून घ्या.